शनिवारचा तास

मामा, तुझ्या शोकसभेत तुझ्याविरुद्ध एकही माणूस बोलला नाही, आणि मी सगळा वेळ अस्वस्थ होते. कॉलेजच्या सभागृहात खुर्च्या कमी पडल्या. तू नोकरीला लावलेल्या मुली हेब्बाळच्या कारखान्यांतून थेट आल्या होत्या, कंपनीचे बिल्ले गळ्यात तसेच. एकेक जण उठून सांगत होती की रघू सरांमुळे मी उभी राहिले. खरंच असेल. पण तुझं नाव आणि इतकी सहमती एका खोलीत मी कधी पाहिली नव्हती. आता कोणीतरी हात वर करेल आणि म्हणेल, थांबा, माझं थोडं वेगळं मत आहे, असं वाटून मी मागच्या रांगेत वाट बघत बसले. मग लक्षात आलं की हे काम इतकी वर्षं माझंच होतं. पण पुढच्या रांगेत मामी बसली होती. मी गप्प राहिले.

तेव्हा न बोललेलं इथे लिहिते. तुझ्या नोकरीची वर्षं, सत्कार, पदं, सगळं कॉलेजच्या फलकावर लागलेलं आहे, मी परत लिहीत नाही. मला आपलं भांडण पुढे न्यायचं आहे. ते तू अर्ध्यावर टाकून गेलास, आणि त्या उरलेल्या अर्ध्यात आता काही मुलींची पदवी अडकली आहे.

तुला सगळं ठाऊक आहे, तरी वाचणाऱ्यांसाठी सांगायला हवं. आमच्या घरात गोष्टीची पुस्तकं कमी आणि पत्रकं फार. अप्पा कारखान्यात कामाला होते आणि युनियनची पत्रकं तेच लिहायचे. पत्रकांच्या घड्या घालता घालता मी अक्षरं शिकले. अप्पांचा एक नियम होता. पत्रक छापायला जाण्याआधी ज्याला ते सगळ्यांत जास्त टोचेल अशा माणसाला वाचून दाखवायचं. त्या कामाला त्यांनी कायमचं तुला नेमलं होतं, स्वतःच्या मेव्हण्याला. पत्रक कन्नडमध्ये असायचं आणि घरात बोलणं मराठीत, म्हणून अप्पा वाचता वाचताच मराठी करत जायचे. आपली मराठी ती केवढी. शिपाईगिरी करायला आलेल्या पूर्वजांबरोबर आली आणि इथे कन्नड मुलखात राहून तिच्यात निम्मं कन्नड मिसळलं. तिच्यात भांडायला, जेवायला आणि रडायला शब्द आहेत, पण मोठमोठे शब्द नाहीत. तसा शब्द आला की अप्पा अडखळायचे, आणि तू म्हणायचास, "दाजी, घरच्या भाषेत सांगा की." नाही सांगता आलं, तर तो शब्द पत्रकातून जायचा. मला अजूनही याहून चांगली चाळणी सापडलेली नाही.

अप्पांची नजर मंदावली तशी पत्रकं माझ्याकडे आली आणि ऐकणारा म्हणून तूही आलास. रविवारी सकाळी मी जयलक्ष्मीपुरमला तुझ्या घरी यायची. तू मागच्या व्हरांड्यात आरसा टांगून दाढी करत असायचास. मी पायरीवर बसून वाचायची. पटेल तिथे वस्तरा चालू राहायचा, पटणार नाही तिथे थांबायचा. मी आरशात तुझ्याकडे न बघता नुसत्या आवाजावरून ओळखायची की आता अडलं. मामी आतून म्हणायची, "तिला आधी खायला दे, मग भांडा." तू गेल्यावर तिनंच मला सांगितलं, "तुझ्याशी भांडण झालं की त्या दिवशी चांगलं जेवायचे." तिला हे सांगताना रडू आलं आणि मला हसू. मग उलटं झालं.

आपलं सगळ्यात मोठं भांडण तुझ्या त्या नव्या पदवीचं. मुलींच्या कॉलेजात तू कॉमर्स शिकवायचास आणि नंतर प्लेसमेंट ऑफिसर झालास. म्हणजे कंपन्या कॉलेजात आणायच्या आणि मुली कंपन्यांत न्यायच्या. तीन वर्षांची बी.एस्सी. इलेक्ट्रॉनिक्स, त्यातली दोन वर्षं कॉलेजात आणि तिसरं हेब्बाळच्या कारखान्यात, गाड्यांच्या वायरिंगचे जुडगे बांधायला, ॲप्रेंटिस म्हणून. तू ही योजना घेऊन आलास तेव्हा असा खुलला होतास की जणू घरात लग्न ठरलं.

मी पुढच्याच रविवारी पत्रक घेऊन आले. मथळा होता, 'शिकायला आलो, राबायला नाही'. त्यात मी लिहिलं होतं की सरकार कॉलेजं वाढवतं, जागा वाढवतं, फक्त शिक्षक वाढवत नाही. मग शिकवायला कोणी नाही म्हणून एक अख्खं वर्ष कारखान्याच्या गळ्यात बांधतं आणि त्याला कौशल्य असं नाव देतं. कारखान्याला स्वस्तात हात मिळतात, कॉलेजला आकडे मिळतात, आणि मुलीला मिळतं एका मशीनचं ज्ञान. मशीन बदललं की तेही गेलं.

वस्तरा थांबला. अर्ध्या गालावर फेस तसाच.

"लष्कर मोहल्ल्यातनं कॉलेजात येती ती पोर घरातली पहिली असती," तू म्हणालास. "तिला तू जगाचं अर्थशास्त्र शिकव. मी बेडा, नको म्हणतो काय? पण तिसऱ्या वर्षी बाप विचारतो, पुढं काय. तेव्हा तिथं तू असतीस काय?"

"असते."

"तू गेस्ट लेक्चरर. पुढच्या वर्षी कॉलेजात असतीस की नाही, तुलाच गोत्तिल्ला, ठाऊक नाही."

ते लागलं. अजून लागतं. मी सरकारी कॉलेजात दरवर्षी नव्यानं नेमली जाणारी पाहुणी आहे. वर्ग भरून वाहतात, कायम शिक्षकांच्या खुर्च्या रिकाम्या असतात आणि त्या रिकाम्या खुर्च्यांवर आम्हाला एकेका वर्षापुरतं बसवतात. मी म्हणाले, "तेच तर म्हणते. मला कायम करा, मग तुम्हाला कारखाना लागणार नाही."

"ते मी करू शकत नाही. कारखाना आणू शकतो. मला येतं तेवढं मी करतो." तू आरशाकडे वळलास. "बघ नंदू, दार उघडं असलं की आत काय शिकवायचं ते नंतर भांडता येतं. दारच बंद असलं तर भांडायला पण कोण येत नाही."

"आणि मागच्या दारानं त्यांना कारखान्यात सोडायचं?"

"मशीन बदललं तर शिकलेली पोर दुसरं मशीन शिकती की."

"मग मशीन नको शिकवू, शिकणं शिकव."

तू उरलेली दाढी उरकलीस. तोंड धुतलंस, पंच्यानं पुसलंस आणि मामीला म्हणालास, "हिला अजून एक डोसा घाल, आज जोर आलाय." पण त्या आठवड्यात तू कॉलेजात एक अट घातलीस. कारखान्यात असलेल्या मुलींना दर शनिवारी एक तास कॉलेजचा शिक्षक तिथे जाऊन शिकवेल, विषय 'उद्योग आणि समाज'. तो तास झाला तरच ते वर्ष शिक्षण म्हणून धरायचं. फोनवर मला म्हणालास, "घे, तुझ्या पत्रकाचं एवढं आलं." शनिवारी हेब्बाळला जायला दुसरा कोणी शिक्षक तयार झाला नाही. तूच जायला लागलास, कंपनीच्या बसमधून, मुलींच्या मागच्या सीटवर बसून.

तू गेलास आणि तो तासही थांबला. पहिला शनिवार दुःखात गेला. दुसऱ्या शनिवारी कोणाला आठवण झाली नाही. तिसऱ्यानंतर रेश्मा माझ्याकडे आली.

रेश्माला तू ओळखतोस, वाचणारे ओळखत नाहीत. तिच्या अब्बांचं लष्कर मोहल्ल्यात मोटारी आणि मिक्सर दुरुस्त करायचं दुकान आहे. तिला एम.एस्सी. करायची आहे आणि अब्बांनी ते गिऱ्हाइकांसकट सगळ्या गल्लीला सांगून ठेवलं आहे. ती माझ्या कॉलेजच्या फाटकाशी उभी होती, डबा हातात, शिफ्टवरून थेट आलेली. घरी उर्दू, माझ्याशी कन्नड, आणि कन्नडमध्ये ती फार जपून बोलते.

"मॅडम, आमच्या कॉलेजच्या कौन्सिलमध्ये विषय आलाय. शनिवारचा वर्ग होत नाही म्हणून तिसरं वर्ष धरणार नाहीत. पदवी नाही, दोन वर्षांचा डिप्लोमा देणार."

"डिप्लोम्यावर एम.एस्सी. नाही मिळत."

"नाही." ती थांबली. "तुम्ही बोलाल का तिथं?"

"मी? मी तर या कोर्सच्या विरोधात लिहिलंय."

"म्हणूनच आले. सरांची बाजू दुसऱ्या कोणाला पाठ नाही."

मामा, हे तिनं अगदी साधेपणानं सांगितलं, आणि ते खरं होतं. तुझ्या सहकाऱ्यांनी तुझं कौतुक केलं, तुला हार घातले, पण तुझं म्हणणं त्यांनी कधी पूर्ण ऐकलं नव्हतं, कारण त्यांना ते मान्यच होतं. मी मात्र तुझं प्रत्येक वाक्य खोडण्यासाठी पाठ केलं होतं.

कौन्सिलची बैठक प्राचार्यांच्या खोलीत होती. मला बाहेरची म्हणून कोपऱ्यातली खुर्ची दिली. एका ज्येष्ठ प्राध्यापकांच्या हातात माझं पत्रक होतं. ते त्यांनी मोठ्यानं वाचलं. वाचन चांगलं होतं, मी लिहिलं तेव्हा मला ते इतकं चांगलं वाटलं नव्हतं.

"हे तुम्हीच लिहिलंय ना?"

"हो."

"आजही हेच मत आहे?"

"हेच आहे."

"मग आमचं काम सोपं झालं. कारखान्यात शिक्षण होत नाही, राबणं होतं. त्याला गुण कसे द्यायचे?"

सगळे हसले. वाईट हसू नव्हतं, पण हसले. ज्या मुलींना कोणी स्वस्तात राबवू नये म्हणून मी ते लिहिलं, त्यांच्याच राबण्याचं वर्ष पुसून टाकायला ते हत्यार म्हणून समोर आलं होतं. मला पत्रक मागे घ्यायचं नव्हतं आणि तिथे गप्पही बसायचं नव्हतं.  मग मी तुझं म्हणणं मांडायला सुरुवात केली. बापाचा प्रश्न, उघडं दार, दुसरं मशीन, सगळं, तू सांगायचास त्याच क्रमानं. आणि जिथे मी तुला अडवायची तिथे मी स्वतःलाच अडवलं. म्हणाले, मुली राबल्या हे खरं. कॉलेजनं त्यांना तिथे राबायला पाठवलं हेही खरं. शिक्षक पाठवायचं काम कॉलेजचं होतं. ते झालं नाही याची शिक्षा त्यांना का?

प्राचार्य भल्या बाई आहेत. त्यांनी चष्मा काढून ठेवला. "कोण जाणार शनिवारी? आमच्याकडे माणूस नाही."

"मी जाते."

"तुम्ही?"

"पात्रता आहे माझी."

त्यांनी सगळ्यांकडे बघितलं. ठरलं ते असं. पुढच्या बैठकीपर्यंतचे शनिवार मी घ्यायचे, आणि शेवटी लिहून द्यायचं की कारखान्यात नियमित अध्यापन झालं. ते लिहून आलं तर कौन्सिल वर्ष धरण्याचा विचार करेल. विचार करेल, एवढंच. बाहेर पडले. मला तुझा राग आला, तू हे शनिवारचं ओझं माझ्यासाठी ठेवलंस म्हणून. मी स्वतः होऊन उचललं होतं, तरीही.

पहिल्या शनिवारी कंपनीच्या बसमध्ये तुझ्या सीटवर कोणी बसलं नाही. मी उभी राहिले, मग रेश्मानं हाताला धरून बसवलं. वर्ग कँटीनमध्ये. भिंतीवर एक पांढरा बोर्ड, त्यावर आठवड्याचा मेनू. मी डस्टर घेऊन पुसायला गेले, तर मागून आवाज आला, "मॅडम, मेनू नको. सर खाली लिहायचे."

खाली म्हणजे पुळियोगरे आणि ताकाच्या खाली उरलेली हातभर जागा. त्या हातभर जागेत तू समाजशास्त्र आणि अर्थशास्त्र बसवत होतास. मी मेनू ठेवला, पण मनात तुला म्हणाले, मामा, एक बोर्ड मागायला काय झालं होतं.

"सर काय शिकवायचे?" मी विचारलं.

मुली एकमेकींकडे बघून हसायला लागल्या. शेवटी एकजण म्हणाली, "तुमचं पत्रक."

"काय?"

"दर वेळी थोडं वाचून दाखवायचे. म्हणायचे, ही माझी भाची, फार भांडखोर आहे, हिला उत्तर द्या. नुसतं चूक म्हणायचं नाही. घरी आईला सांगाल तसं सांगा."

 मला वाटायचं की ते पत्रक तू ऐकलंस, विसरलास आणि आपल्या वाटेनं गेलास. तू मला हे कधीच सांगितलं नाहीस. रविवारी मी तावातावानं वाचायची, आणि शनिवारी तू तेच पुढ्यात घेऊन तिथे बसायचास. मामा, एवढा मान मला कोणी दिला नाही, आणि देताना तू तोंडावर दोषच काढत राहिलास.

"मग द्या उत्तर," मी म्हणाले. "मीच समोर आहे."

सुरुवातीला लाजल्या. मग एकीनं सुरू केलं. "तुम्ही लिहिलंय आम्ही राबतो. घरी पण राबतोच की. तिथं बस येत नाही न्यायला." कँटीनवाला मागे भांडी घासत होता, तोही हसला. दुसरी म्हणाली, "पण आमच्या ताईला कॉलेजातनं बाहेर पडून नोकरीच मिळाली नाही, तिच्याबद्दल पत्रकात काहीच नाही." खरंच नव्हतं. मी ते लिहून घेतलं. कारखान्यात पाऊल टाकण्याआधीच्या मुलींचा मी विचार केला होता, नंतरच्यांचा केला होता, कुठेच पाऊल न टाकता आलेल्यांचा नाही. तिसरी उठून बोलली आणि मी तिचं म्हणणं बोर्डाच्या खालच्या जागेत मुद्दा म्हणून लिहू लागले. लिहून वळले तर दोन जागा रिकाम्या होत्या.

"कुठे गेल्या?"

"लाइनवर बोलावलं. माणूस कमी आहे."

परत येताना बसमध्ये मी रेश्माला विचारलं, सरांच्या वेळीही असं व्हायचं का. ती खिडकीतून बाहेर बघत होती. "व्हायचं. सुपरवायझर यायचा आणि सर म्हणायचे, दोघी जा, स्वल्प ॲडजस्ट करू, नोट्स मी देतो." मग घाईनं म्हणाली, "सर वाईट नव्हते हं. नाही म्हटलं असतं तर कंपनीनं पुढच्या वर्षीच्या मुली घेतल्या नसत्या."

स्वल्प ॲडजस्ट. थोडं जुळवून घ्या. या गावात बसमध्ये चौथ्या माणसाला बसायला जागा करतात तेव्हा हे म्हणतात आणि तिथे ते शोभतं. तू सगळीकडे म्हणायचास. त्या संध्याकाळी मी घरी आले आणि अप्पांसमोर तुझ्यावर इतकी चिडले की ते म्हणाले, "अगं, मेलेल्या माणसावर एवढं कोण ओरडतं." मी म्हणाले, "ज्याला ऐकू येतं त्याच्यावरच ओरडतात." 

माझं म्हणणं हे होतं, मामा. आपण इतकी वर्षं ज्यावर भांडलो ते सगळं त्या दोन रिकाम्या जागांत होतं. सुपरवायझरनं हाक मारली आणि मुलगी वर्गातून उठून गेली, तर तो वर्ग म्हणजे कारखान्यातली जेवणाची सुट्टी. ती बसून राहू शकली तर ते शिक्षण. पदवी, श्रेयांक, कौशल्य, धोरण, सगळं या एका गोष्टीवर ठरतं, आणि ते ठरवायची वेळ आली की तू मुलींना पाठवून देत होतास. तू पुढच्या तुकडीचा विचार करत होतास हे मला कळतं. भीती मलाही तीच आहे. मी अडवलं आणि कंपनीनं करारच मोडला, तर या मुलींचं काय, पुढच्यांचं काय? तुझ्यासारख्या जुळवून घेणाऱ्या माणसानं उभं केलेलं माझ्या एका तत्त्वानं पाडायचं का? हे घरच्या मराठीत स्वतःला सांगून पाहिलं. सांगता आलं. म्हणजे ते पोकळ नव्हतं.

कालच्या शनिवारी तो आला. सुपरवायझर वाईट माणूस नाही. त्याच्यावर त्याचं टार्गेट आहे, त्याच्याही हातात फोन सारखा वाजत असतो. दारातूनच त्यानं बोटानं खूण केली, दोघी. त्यात एक रेश्मा. ती अर्धवट उठली, बाकाला धरून, आणि माझ्याकडे बघितलं. मला ते बघणं आवडलं नाही. तिनं स्वतः ठरवावं असं वाटलं, आणि लगेच कळलं की ती ठरवू शकत नाही. स्टायपेंड त्याच्या शेऱ्यावर आहे.

"तास संपू दे," मी म्हणाले. माझं कन्नड अशा वेळी फार औपचारिक होतं.

"मॅडम, पाच मिनिटांचं काम आहे."

"मग पाच मिनिटं थांबेल ते."

"रघू सर असते तर पाठवल्या असत्या."

"पाठवल्या असत्या," मी म्हणाले. "म्हणूनच कॉलेज आज विचारतंय की इथे वर्ग होतो का."

 त्याला माझा राग आला नव्हता, तो दमला होता. "मला एच.आर.ला सांगावं लागेल," एवढं म्हणून गेला. रेश्मा खाली बसली. मी बोर्डाकडे वळले आणि पुढचा मुद्दा लिहिला. घाईत अक्षर ताकावर चढलं. तास पूर्ण झाला. एकही मुलगी उठली नाही. सगळ्यांचे कान दाराकडे होते, माझेही.

कौन्सिलला लिहून द्यायचा मजकूर मी बरोबर नेला होता. कॉलेजनं टाइप करून दिलेला, 'कारखान्यात नियमित अध्यापन झाले'. त्याखाली सहीची रेघ. बैठक उद्या आहे. परत येताना बसमध्ये मी तो मुलींना वाचून दाखवला. नेहमी विरोधकाला वाचून दाखवते. आता ज्यांचं बुडणार आहे त्यांना दाखवणं मला जास्त गरजेचं वाटलं. वाचून म्हणाले, हे खरं नाही. मी 'नियमित' खोडून लिहिणार आहे की आधी वर्ग मोडत होता, आजचा पूर्ण झाला. असं लिहिलं तर कदाचित वर्ष धरणार नाहीत. तुम्ही सांगा.

बस सिग्नलला थांबली होती. मागून कोणीतरी म्हणालं, "सरांनी सही केली असती." दुसरी म्हणाली, "सर कधी खोटं बोलले नाहीत." पहिली म्हणाली, "ते खोटं म्हणून नाही गं करत." त्यावर वाद झाला, तुझ्यावरून, तुझ्या मागे. पुढच्या सीटवरच्या मुली वळून बसल्या. ड्रायव्हरनं आरशातून बघितलं.

रेश्मानं वाद संपू दिला. तिचंच सगळ्यात जास्त जाणार होतं. मग म्हणाली, "खोडा. कोणी येऊन विचारलं तर आम्हीच सांगू ना की उठवत होते. पण नुसतं खोडू नका. पुढे लिहा की इथून पुढे दर शनिवारी वर्ग पूर्ण होईल. आणि कोण घेणार, ते नाव लिहा."

"कोणाचं नाव?"

तिनं माझ्याकडे असं बघितलं की बाकीच्या हसल्या.

मी म्हणाले, माझी नेमणूक जूनपर्यंतची आहे, पुढच्या वर्षी मी कुठे असेन ते मलाच माहीत नाही. ती म्हणाली, "आम्हाला पण नाही माहीत, मॅडम."

मामा, मी आयुष्यभर मागण्या लिहिल्या. सरकारनं हे करावं, कॉलेजनं ते करावं, कंपनीनं द्यावं. एकाही पत्रकाखाली करणार कोण म्हणून माझं नाव नव्हतं. आजही मी म्हणते की हे एका माणसाच्या शनिवारावर चालता कामा नये. तू एकट्यानं ओढलंस ते चूक होतं, मी एकटीनं ओढेन तेही चूक. कायम शिक्षक पाहिजे, बोर्ड पाहिजे, मुलींना वर्गातून उठवता येणार नाही असं करारात लिहिलेलं पाहिजे. ते सगळं मी कौन्सिलसाठी वेगळ्या कागदावर लिहिलं आहे, आणि ते कोणी वाचेल असं मला वाटत नाही. तुला काय वाटलं असतं ते मला माहीत आहे, आणि तू चुकीचा ठरावास अशी माझी फार इच्छा आहे.

आज रविवार. सकाळपासून मी फोन जवळ ठेवून बसले आहे. कंपनी उद्या बैठकीच्या आधी कॉलेजला काय कळवते, की काहीच कळवत नाही, यावर रेश्माची एम.एस्सी. आहे. 'नियमित' खोडलं. खाली दर शनिवारचं लिहिलं. घेणार कोण, तिथे माझं नाव घातलं, पूर्ण, आडनावासकट. सही केली. फोन अजून वाजलेला नाही.